भांडुपचा सेकंडहँड मरीन टँक: लाइट सगळ्यात शेवटी का लावला

मामेभावाने गोरेगावच्या एका माणसाकडून मरीन टँक (समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी) घेतला. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, सोबत स्टँड, खाली सम्प (वरचं पाणी उतरतं ती टाकी), रिटर्न पंप (ते पाणी परत वर नेणारा), एक वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी हलवणारा पंखा), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन चॅनलचा (निळा आणि पांढरा) एलईडी लाइट आणि गोणीभर सुके रॉक. त्याचा प्लॅन असा होता की शनिवारी टेम्पोने आणायचा, रात्री पाणी भरून लाइट लावायचा आणि पुढच्या रविवारी कुर्ल्याहून मासे आणायचे. मासे प्रत्यक्षात आले ते जवळजवळ तीन महिन्यांनी. मधल्या काळात काय काय झालं, कुठे अडलं आणि लाइट आणि पाण्याचं शेवटी काय ठरलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण सेकंडहँड टँक घेणारे बरेच जण हाच रस्ता धरतात आणि महिन्याभरात मासे मारून टँक पुन्हा विकायला काढतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. समुद्रातून किंवा हॅचरीतून (मासे पैदास केंद्रातून) आलेला जीव आपल्या घाईपायी मरावा हे बरोबर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या टँकबरोबर आधीच्या मालकाने केलेलं सगळं आपल्या घरी येतं, काचेवर नसेल तर रॉकमध्ये, रॉकमध्ये नसेल तर वाळूत. ते बाहेर काढेपर्यंत लाइट लावण्यात काही अर्थ नसतो.

टँक बघायला मी सोबत गेले होते. पहिलं बघितलं ते सिलिकॉन. दोन काचांच्या मधला जोड शाबूत होता, आतल्या कोपऱ्यातली पट्टी एका ठिकाणी नखाने सुटत होती. मधला जोड चांगला असेल तर आतली पट्टी कापून पुन्हा मारता येते, मधल्या जोडात बुडबुडे किंवा पांढुरकी फट दिसली असती तर घेऊच नको म्हटलं असतं. मग मालकाला विचारलं की माशांना औषध काय काय दिलं होतं. तो म्हणाला, पांढरे ठिपके आले होते तेव्हा दुकानदाराने निळं औषध दिलं होतं, दोन-तीन वेळा टँकमध्येच घातलं. निळं म्हणजे बहुतेक तांबं. आपल्याकडे शेतकरी द्राक्षांवर मोरचूद वापरतात तोच प्रकार, कॉपर सल्फेट. मरीन इचवर (त्याच पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर) ते चालतं पण कोळंबी, गोगलगाय, तारामासा यांना ते विषच, आणि वाईट म्हणजे वाळू आणि रॉक चुनखडीचे असल्याने तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. त्यामुळे वाळू तिथेच टाकायला सांगितली. जुनी वाळू तशीही घेऊ नये, हलवली की खालची काळी, सडक्या अंड्याच्या वासाची घाण वर येते, तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो.

गोणीत कोरलचे (प्रवाळांचे) पाच-सहा वाळलेले सांगाडेही होते, शोभेला छान दिसतात म्हणून तो देत होता. ते घेतले नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल एकमध्ये रीफ बांधणारी सगळी कोरल आहेत, सी फॅन आहेत, २००१ मध्ये ही भर पडली, आणि सांगाडा मेलेला असला तरी तो त्या प्राण्याचाच भाग. रामेश्वरम किंवा लक्षद्वीपकडचा लाइव्ह रॉक (समुद्रातून जीवांसकट काढलेले दगड) म्हणून जो माल फिरतो त्यातही हीच गोष्ट. भावाला स्पष्ट सांगितलं की आपला टँक फक्त माशांचा होणार, कोरलचा नाही. या एका निर्णयाने लाइटचा अर्धा प्रश्न सुटला, कारण भारी लाइट लागतो तो कोरलला, त्यांच्या आत राहणाऱ्या शेवाळाला प्रकाश लागतो म्हणून. माशांना तेवढा नको असतो.

आता जागा. भरल्यावर वजन किती होईल याचा हिशोब केला. पाणी साधारण २४० लिटर, खारं असल्याने २४५ किलोच्या आसपास, काच पन्नासेक किलो, रॉक, वाळू, स्टँड, सम्प धरून चारशे किलोच्या घरात. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोच्या हिशोबाने काढतात आणि हा टँक अर्ध्या चौरस मीटरवर चारशे टाकतो. खोलीच्या मधोमध ठेवायचा नाही, बीमवरच्या भिंतीला समांतर लावायचा, आणि बिल्डिंग जुनी असेल तर इंजिनीअरला विचारायचं. चाळीतल्या लाकडी तुळयांच्या मजल्यावर तर असा टँक नकोच. भावाची बिल्डिंग आरसीसीची आहे, तरी खिडकीखाली ठेवायचा त्याचा हट्ट होता, पश्चिमेची खिडकी, दुपारचं ऊन थेट काचेवर. नाही म्हटलं. ऊन म्हणजे फुकटचं शेवाळ आणि फुकटची उष्णता. शेवटी हॉलच्या आतल्या भिंतीला लावला.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. यात कंजूषी करूच नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, जुन्या केबली आणि ओले हात, माणूस जाऊ शकतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. जुन्या वेव्हमेकरची केबल तडकलेली निघाली, तो फेकला आणि नवे दोन घेतले.

लीक टेस्ट गच्चीवर केली, सपाट जागी थर्माकोल घालून, एक तृतीयांश, मग अर्धा, मग पूर्ण, दोन दिवस तसाच. कोरडी राहिली. काचेवरचे चुन्याचे पापुद्रे पांढऱ्या व्हिनेगरने निघाले, पंपाचा इम्पेलर आणि स्किमरचा पंप रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला. साबण कुठेही नाही.

रॉक मात्र वेगळा विषय. ते वर्षभर बाल्कनीत वाळत पडलेले, आतल्या छिद्रांत मेलेले किडे, स्पंज, सगळं सुकून बसलेलं. त्यांना आधी ब्लीचच्या पाण्यात ठेवलं (व्हिनेगरचं काम झाल्यावर, वेगळ्या बादलीत, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, हे डोक्यात पक्कं ठेवा), मग धुऊन, वाळवून, हायपोच्या (क्लोरीन घालवणाऱ्या रसायनाच्या) पाण्यातून काढून निळ्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात पंप लावून सोडले. आठवड्याने त्या पाण्याची टेस्ट केली. तांबं दिसलं नाही. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, दिसलं १.२ पीपीएम (दशलक्षात १.२ भाग). मासेच असलेल्या टँकमध्ये ०.१ च्या आसपास असावं असं धरतात, म्हणजे हे बारा पट. पाणी बदलत राहिलो, दर आठवड्याला कमी होत गेलं, पण भावाचा धीर तीन-चार आठवड्यांत संपला आणि ०.४ वर असताना रॉक टँकमध्ये गेले. मी म्हटलं ठीक आहे, पण मग लाइट बंद ठेवायचा. तो हो म्हणाला.

पाण्याची गोष्ट मुंबईत जरा सोपी आणि जरा अवघड आहे. पालिकेचं पाणी तलावांचं, त्यामुळे क्षार कमी. भावाच्या नळाला टीडीएस ८० च्या आत येतो. पण त्यात क्लोरीन असतं, आणि उन्हाळ्यात सोसायटीने टँकर मागवला की तोच मीटर चारशे दाखवतो. घरचा प्यायचा आरओ पुरत नाही, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळकांडी लावावी लागते, तेव्हा टीडीएस शून्य येतो. नुसत्या आरओच्या पाण्यात सिलिकेट शिल्लक राहतं आणि त्यावर तपकिरी डायटम (एक सूक्ष्म शेवाळ) माजतात. २४० लिटर शुद्ध पाणी काढताना त्याच्या दोन-तीन पट पाणी वाया जातं, पाणीकपातीच्या दिवसांत हे डोळ्यांना बघवत नाही, म्हणून ते सगळं ड्रममध्ये धरून लादी आणि संडासाला वापरलं. सकाळी पाणी येतं तेवढ्या वेळात थोडं थोडं करत चार-पाच दिवसांत ड्रम भरले. जुहूचं किंवा गेटवेचं समुद्राचं पाणी आणू का असं त्याने विचारलं होतं, कृपा करून असं करू नका, किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट, २४० लिटरला साधारण नऊ किलो लागलं. टँकबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरने खारटपणाचा आकडा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ दाखवला. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं साधन) तेच पाणी १.०२१ निघालं. रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) सोल्युशनने सेट केलेला होता म्हणून त्यावर विश्वास ठेवला, आणि हायड्रोमीटर नीट बघितला तर काट्याला बारीक बुडबुडे चिकटले होते. बुडबुडे काट्याला वर ढकलतात आणि खारटपणा जास्त दिसतो. आधीचा माणूस बहुतेक कायमच कमी खारट पाण्यात मासे ठेवत होता. मीठ वाढवून १.०२५ वर आणलं.

आता पाणी फिरवणं, म्हणजे सर्क्युलेशन, आणि याकडे लोक फार कमी लक्ष देतात. रिटर्न पंपाच्या डब्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं. ते पंप जमिनीवर ठेवून, वर काहीच चढवायचं नसताना. इथे पंप सम्पमध्ये आणि पाणी चार-साडेचार फूट वर टँकमध्ये जायचं, मध्ये दोन एल्बो. खरं किती येतं ते मोजायला रिटर्न पाइपचं तोंड १५ लिटरच्या बादलीत धरलं आणि मोबाइलवर वेळ लावला. पस्तीस सेकंदांत बादली भरली, म्हणजे ताशी साधारण दीड हजार लिटर, डब्यावरच्या आकड्याच्या निम्मं. २४० लिटरला सहा पट, एवढं पुरतं. सम्पमधून पाणी जरा निवांत गेलेलंच बरं, स्किमरला वेळ मिळतो. टँकच्या आतला जोर वेव्हमेकरने द्यायचा. नवे दोन लावले, समोरासमोर नाही तर एक मागच्या कोपऱ्यात आणि एक बाजूला, आणि रॉकच्या मागे खाण्याचा चुरा साठतो का हे बघत बघत तोंड फिरवलं. रॉकचा ढीग भिंतीला चिकटवू नये, मागून पाणी गेलं पाहिजे.

आणि वीज गेल्यावर काय होतं? पंप बंद करून बघितलं. ओव्हरफ्लोपर्यंतचं (पाणी सम्पमध्ये सांडतं त्या खाचांपर्यंतचं) पाणी खाली आलं, ते ठीक, पण मग रिटर्न पाइपमधून उलटा सायफन सुरू झाला आणि टँकचं पाणी खाली येतच राहिलं. सम्प काठोकाठ झाला, अजून दोन मिनिटं तर हॉलभर खारं पाणी आणि खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, पातळी तिथे आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. पुन्हा बंद करून बघितलं, सम्प चार बोटं रिकामा राहिला. पंप चालू असताना सम्पमध्ये होतं त्यापेक्षा जास्त पाणी भरायचं नाही म्हणून त्या पातळीवर सम्पच्या काचेला मार्करने रेघ मारून ठेवली. ते भोक दर महिन्याला टूथब्रशने साफ करायचं, शेवाळाने बुजतं.

आता सायकल. माशांच्या शीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू रॉकवर पुरेसे वाढेपर्यंत मासे सोडायचे नाहीत. दुकानदार सांगतात दोन डॅमसेल (छोटे, काटक मासे) टाका, त्यांच्यावर सायकल होईल. मला हे अजिबात पटत नाही. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, तिथे अमोनियाचा विषारी भाग गोड्या, पीएच सातच्या पाण्यापेक्षा दहा पटीने जास्त असतो, तो मासा कल्ले जळत जगतो किंवा मरतो. आणि करायचं काय तर एवढंच की पाण्यात अमोनिया हवा, तो तर पुडीत मिळतो.

पुडी म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नाही, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानात लॅबचा मिळतो. आम्हाला २ पीपीएम अमोनिया हवा होता, २४० लिटरला त्याचा हिशोब दीड ग्रॅम येतो. घरच्या काट्यावर दीड ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून १५ ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवला आणि त्यातलं १०० मिली टँकमध्ये. सोबत जिवाणूंची बाटली ओतली. लाइट बंद. जिवाणूंना प्रकाश लागत नाही, उलट जोरदार निळा प्रकाश त्यांना मानवत नाही.

पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही. दुसऱ्यात अमोनिया एकवर आला आणि नायट्राइटच्या टेस्ट ट्यूबमध्ये जांभळट रंग दिसायला लागला. अमोनिया शून्य झाला की पुन्हा १०० मिली. असे एकूण चार डोस गेले.

इथपर्यंत सगळं छान होतं, मग भावाचा फोन. ताई, टँक हिरवा झालाय.

जाऊन बघते तर रॉकवर केसाळ शेवाळ, बोटभर लांब, काचेवर तपकिरी थर. लाइट चालू. मामीला विचारलं तर म्हणाली, अगं एवढी मोठी पेटी हॉलमध्ये काळीकुट्ट ठेवायची का, येणारा-जाणारा विचारतो, मी आपली सकाळी चहा ठेवताना लावते आणि रात्री जेवणं झाली की बंद करते. म्हणजे रोज तेरा-चौदा तास, दोन्ही चॅनल फुल. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं की पाण्यात ०.४ फॉस्फेट आहे, अमोनिया आहे, नायट्रेट आहे, म्हणजे खत तयार आहे आणि फक्त उजेडाची वाट बघतंय. तिला तेच सांगितलं, कुंडीत खत घालून ऊन दाखवलं की काय होतं ते. तिला लगेच कळलं, पुढे लाइटच्या बाबतीत घरात सगळ्यात कडक तीच राहिली.

तपकिरी थर डायटमचा, तो नव्या टँकमध्ये येतोच आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. केसाळ हिरवं जात नाही. एकेक रॉक बाहेर काढून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात टूथब्रशने घासला (नळाच्या पाण्यात नाही, क्लोरीनने वाढलेले जिवाणू मरतील), लाइट पूर्ण बंद आणि फॉस्फेट ओढणारा लोहाच्या ऑक्साइडचा चुरा, जीएफओ, छोट्या रिॲक्टरमध्ये (आतून पाणी फिरवायच्या नळकांड्यात) लावला. फॉस्फेट ०.१ झालं. चार दिवसांनी मोजलं तर पुन्हा ०.२५. भाऊ म्हणाला टेस्ट किट खराब आहे. किट चांगला होता. चुनखडीचा रॉक फॉस्फेट धरतो आणि पाण्यातलं कमी झालं की आतलं सोडतो, म्हणून पाणी स्वच्छ केलं तरी आकडा परत चढतो, दर वेळी जरा कमी चढतो, आणि रॉक रिकामा होईपर्यंत हे चालतं. एकदम शून्य करायच्या मागेही लागू नये, अगदी शून्यावर डायनोफ्लॅजेलेटचा (एकपेशीय सूक्ष्म जीवांचा) चिकट थर येतो आणि तो शेवाळाहून वाईट.

दुसरीकडे नायट्राइट अडकलं होतं. अमोनिया एका दिवसात शून्य होत होता, नायट्राइट चार्टच्या शेवटच्या रंगावर जाऊन बसलेलं, नायट्रेटचा रंगही लालभडक, शंभरच्या वर. भावाला सगळं पाणी फेकून नव्याने सुरू करायचं होतं. थांब म्हटलं आणि दोन गोष्टी केल्या. एक भाग टँकचं पाणी आणि नऊ भाग डीआयचं पाणी मिसळून त्याची नायट्राइट टेस्ट केली. खिडकीत, दिवसाच्या उजेडात, कारण निळ्या लाइटखाली हे रंग चुकीचेच दिसतात. पावणेदोन-दोन आलं, म्हणजे टँकमध्ये अठरा-वीस पीपीएम. आणि कागदावर हिशोब केला. चार डोस म्हणजे ८ पीपीएम अमोनिया, तो सगळा नायट्राइट झाला तर एकवीस-बावीस होतो. जुळलं. म्हणजे काही बिघडलं नव्हतं, आपण घातलं तेवढंच नायट्राइट होऊन उभं होतं आणि दुसरे जिवाणू अजून कमी होते. नायट्रेटचा लाल रंगही खोटा, कारण हे किट आतमध्ये नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग देतात, नायट्राइट भरपूर असलं की नायट्रेटचा आकडा फुगतो.

मग अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) बघितली. सुरुवातीला ९ डीकेएच (तिचं एकक) होती, आता साडेसहा. अमोनियाचं नायट्राइट होण्याची प्रक्रिया अल्कलिनिटी खाते आणि ती खाली गेली की जिवाणू मंदावतात. खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) १४ ग्रॅम पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडा थोडा घातला, दोन डीकेएच वर आली. नवे डोस बंद. दीडेक आठवड्यात नायट्राइट स्वतःहून खाली आलं, मग शून्य. शेवटची परीक्षा म्हणून पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातला, चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट तीसच्या वर. निम्मं पाणी बदललं. एक सांगून ठेवते, खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही, म्हणून नायट्राइट थोडं दिसलं तर घाबरून टँक उपसू नका. अमोनिया दिसला तर मात्र मासे सोडू नका.

तोवर मे आला. खोली ३२ डिग्री, टँक ३१. जिवाणूंना चाललं, माशांना नाही, गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाण्यावर दोन छोटे पंखे लावून तीनेक डिग्री उतरलं पण रोज चार-पाच लिटर पाणी उडायला लागलं, ते गोडं डीआयचं पाणी घालूनच भरायचं, मीठ उडत नाही. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने पंख्याचा उपयोग कमी होतो, म्हणून शेवटी छोटा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घेतला. मुंबईत मरीन टँकच्या बजेटमध्ये लाइटच्या आधी चिलर धरा असंच मी सांगेन. भावाचा पीएच रात्री एसी लावून खिडक्या बंद असल्या की ७.८ व्हायचा, खिडकी उघडली की ८.१. खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड, दुसरं काही नाही.

आणि आता लाइट. जुना फिक्स्चर, म्हणजे लाइटचा डबा, आधी उघडला. आतल्या पंख्यावर मिठाचा थर, पंखा अर्धवट फिरत होता, लेन्स धुरकट. मीठ डीआयच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसलं, लेन्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, पंखा बदलला, मग फुलवर अर्धा तास ठेवून हीटसिंक किती तापतो ते बघितलं. दोन्ही चॅनल चालत होते. तुमच्या टँकला जुन्या टी-फाइव्ह ट्यूब आल्या असतील, चार फुटी ५४ वॅटच्या, तर त्या बदलाच, वर्षभरात त्यांचा प्रकाश आणि रंग दोन्ही उतरतो आणि दिसायला मात्र त्या चालूच दिसतात.

प्रोग्रॅम असा ठेवला: दुपारी तीन ते रात्री दहा. घरचे घरी असतात तीच वेळ. पहिला आणि शेवटचा अर्धा तास फक्त निळा, मधे निळा चाळीस टक्के आणि पांढरा पंधरा. टायमरवर, हाताने नाही. फिक्स्चर पाण्यापासून नऊ इंच वर घेतला, शिंतोडे बसत नाहीत आणि प्रकाश पसरतो. सुरुवात निम्म्या ताकदीने केली आणि दर आठवड्याला फॉस्फेट बघून थोडं वाढवलं, दोनदा शेवाळाची झलक दिसली तेव्हा परत खाली आणलं. सम्पमध्ये एका कप्प्यात चिटोमॉर्फा नावाचं गुंतवळ्यासारखं शेवाळ ठेवलं, त्यावर रोपांसाठी मिळतो तो साधा एलईडी, रात्री दहा ते सकाळी आठ. वरचा लाइट बंद असताना खालचा चालू, त्यामुळे रात्री पीएच कमी पडतो तो थोडा सावरतो आणि नायट्रेट-फॉस्फेट खालचं शेवाळ खातं, ते वाढलं की मूठभर काढून टाकायचं, बरोबर फॉस्फेटही बाहेर.

जूनच्या सुरुवातीला हॅचरीतल्या क्लाउन (पट्ट्यांच्या समुद्री) माशांची जोडी आणली. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनचं प्रजनन करून दाखवलंय, त्यामुळे हॅचरीतले मासे मागायला लाजू नका, ते टँकमध्ये रुळलेलेही असतात. महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवले, औषध लागलं असतं तर तिथेच दिलं असतं, मोठ्या टँकमध्ये तांबं पुन्हा कधीही नाही. आता फॉस्फेट ०.०८, नायट्रेट १०, केसाळ शेवाळ ओव्हरफ्लोच्या दातांवर थोडं आहे, ते मामी काढते. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आहे, भांडुपला पावसात तो लागतोच. कोळंबी आणि गोगलगाय भावाला हव्या आहेत. तांब्याची टेस्ट शून्य दाखवतेय, पण रॉकच्या पोटात काय आहे ते त्या टेस्टला दिसत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत दर महिन्याला मोजायचं आणि तोवर एकही गोगलगाय आणायची नाही असं आमचं ठरलंय.